शाई प्यालेली गादी

आमच्या भोरातले गादीवाले चाचा कुणाच्या घरी गेले की आधी खुर्चीला अंगठा लावत आणि मग बसत. अंगठा नुसता टेकवायचा नाही. दाबायचा, सोडायचा आणि दबलेली जागा वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. सोफा, उशी, पाव, परातीतली कणीक, सगळ्यांना एकच परीक्षा. एकदा एसटीत त्यांनी कंडक्टरच्या सीटला अंगठा लावला आणि विचारलं, "पाठ दुखती ना? डावीकडून?" कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला. पुढच्या बाजारच्या दिवशी तो बायकोला आणि दोन उशांना घेऊन चाचांच्या ओट्यावर हजर.

ओटा म्हणजे एका संस्थेच्या गोदामाला लागून असलेली दगडी फरशी, वर चार पत्रे. संस्थेचं नाव मी घेत नाही. कमिटीतले अर्धे लोक वर गेले, पण उरलेले अर्धे मला अजून भाजी घेताना भेटतात. त्या ओट्यावर चाचांचं पिंजण टांगलेलं असे. पिंजणाच्या ताणलेल्या तारेवर, म्हणजे तातेवर, दणका बसला की टँव टँव आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई आणि कापूस ढगासारखा वर उडे. चाचांचे वडील तिथंच पिंजत, आजाही तिथंच. पत्रे मात्र चाचांनी घातलेले.

त्यांचा एक नियम होता. दोन घरांचा कापूस एकत्र होऊ द्यायचा नाही. एक गादी पिंजून झाली की ओटा झाडून लख्ख, आणि झाडलेला कचरासुद्धा पुडीत बांधून ज्याच्या त्याला परत. मी म्हणे, "चाचा, या पुडीचं मी काय करू?" ते म्हणत, "काय बी करा. तुमची झोप हाय ती. दुसऱ्याच्या घरात कशी घालू?"

एकदा वैशाखातल्या वावटळीनं हिर्डोशीच्या एका शेतकऱ्याच्या गादीचा कापूस आणि इथल्या एका वकिलांच्या उशीचा कापूस एकत्र केला. चाचांनी दोघांना समोर बसवलं आणि कापसाचा एकेक पुंजका हुंगत वेगळा केला. "ह्याला चुलीचा वास, हे हिर्डोशी. ह्याला पावडरचा वास, हे वकील." हिर्डोशीला तेव्हा दिवसाला मोजून दोन-तीन गाड्या. शेवटची एसटी गेली आणि त्या शेतकऱ्याला रात्री वकिलांकडं मुक्काम करावा लागला. पुढं त्या दोन घरांत सोयरीक झाली असं चाचा सगळ्यांना सांगत. अजिबात झाली नव्हती. पण सांगताना त्यांचा चेहरा असा खुले की कुणी खोडून काढत नसे.

आता माझ्याकडं येते, कारण या गोष्टीतली खरी गाढव मी आहे.

तेव्हा मी पन्नाशीची तरुणी होते. मुलानं पुण्याहून कॉम्प्युटर आणि रंगीत प्रिंटर आणून दिला होता. दोन महिन्यांचा क्लास करून मी मराठी टाइप करायला शिकले, दोन बोटांनी. आणि लगेच दारावर पाटी: 'येथे संगणकावर सुबक छपाई करून मिळेल.' सुबक हा शब्द माझाच. चष्म्याला साखळी लावली. कुणी बायोडेटा करून घ्यायला आलं की मी चष्मा नाकावर ओढून "फाँट कोणता हवा?" असं विचारी. माझ्याकडं फाँट एकच होता. यजमान हायस्कूलातून निवृत्त झालेले, म्हणून गाव मला मास्तरीणबाई म्हणायचं. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. पण त्या प्रिंटरपाशी बसले की मला स्वतःलाच माझा आदर वाटे.

प्रिंटरला मी क्रोशाचं झाकण विणलं होतं. खंडेनवमीला झेंडूचं फूल. आणि रोज सकाळी दारात सडा-रांगोळी झाली की कॉम्प्युटर चालू करून 'हेड क्लीनिंग'चं बटण दाबायचं. मुलानं एकदा दाखवलं होतं की छपाई फिकट आली तर हे दाबायचं, म्हणजे प्रिंटरचं डोकं साफ होतं. मी म्हटलं, फिकट यायची वाट कशाला बघायची? माणसं रोज तोंड धुतात, यानं का धुवू नये? घुर्र घुर्र करून तो जो आवाज काढी तो मला चूळ भरल्यासारखा वाटे. महत्त्वाचं काम असलं की दोनदा. लग्नाचा बायोडेटा असला की तीनदा.

तर त्या उन्हाळ्यात संस्थेनं ठरवलं की गोदाम पाडून तिथं गाळे काढायचे. चाचांना चिठ्ठी आली: ओटा रिकामा करा, काही म्हणणं असल्यास सोमवारी अकरा वाजता कमिटीपुढे टंकलिखित अर्ज तीन प्रतींत सादर करा, तोंडी म्हणणं ऐकलं जाणार नाही. चिठ्ठी आली शनिवारी संध्याकाळी. कोर्टाबाहेरचा टायपिंगवाला पाहुण्यांच्या लग्नाला गेलेला. रविवारी सकाळी चाचा चिठ्ठी घेऊन आमच्या दारात. आत आले, खुर्चीला अंगठा लावला, बसले नाहीत.

"बाई, हितनं उठवलं तर म्या कुठं जाऊ?" ते म्हणाले. "शिवऱ्याला लेकीच्या दाराम्होरं फोमच्या गाद्यांचं दुकान हाय. जावई म्हणतो, तितं नोकरी लावून देतू. रबर इकायला."

रबर हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मीच खजील झाले.

"कुठंही जायचं नाही," मी चष्मा नाकावर ओढत म्हणाले. "असा अर्ज करते की कमिटी बघत राहील. बोला, तुमचं म्हणणं काय?"

मला वाटलं, ते म्हणतील, मी गरीब, म्हातारा, दया करा. चाचा दाराच्या उंबऱ्यावर बसले, डोळे मिटले आणि घरं सांगायला लागले. "हिर्डोशी. वरच्या आळीतलं पयलं घर. दोन गाद्या. म्हातारीला थंडी वाजती म्हणून तिच्या गादीत पायाकडं कापूस ज्यादा. लिवा."

"अहो चाचा, अर्जात असं नसतं. अर्जात 'सविनय विनंती' असतं."

"ते तुमी वर लिवा. खाली हे लिवा. त्यांनी इचारलंय ना, तुमी हितं बसून काय करता? हे करतू."

मी लिहीत गेले. म्हणजे दोन बोटांनी ठोकत गेले. "गुंजवणे. आजीचं जुनं घर धरणात गेलं. गादी तीच हाय. दरसाली पिंजाय आणती, पर कापूस बदलू देत न्हाई. म्हणती, ह्यातच माझं घर हाय." इथं माझी बोटं जरा थांबली. चाचा डोळे न उघडता म्हणाले, "लिवलं का?" मग भोर आलं, आणि मी पदर तोंडाला लावून हसायला लागले. कोण कुणाशी भांडून पायथ्याशी झोपतं, कुणाच्या उशीला मुद्दाम सरकी घातलेली आहे, सगळं चाचांच्या जिभेवर. गाद्या पिंजणाऱ्याला घरातलं जे कळतं ते डॉक्टरलाही कळत नसेल.

"मास्तरांचं घर," चाचा म्हणाले.

माझं हसू थांबलं. "आमचं राहू द्या."

"न्हाई कसं? लिवा. मास्तर उताणे झोपत्यात, गादी बरुबर मधी दबलेली. बाई भितीकडं तोंड करून शेव खात्यात. दरसाली उशीत चुरा निघतू."

यजमान शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. मी भीतीनं आवाज खाली आणला. "चाचा, हळू." बारा वर्षं आमच्या घरात शेवेचा डबा रिकामा व्हायचा आणि बारा वर्षं मास्तर उंदरांना दोष देत होते. मांजरही त्याच कारणासाठी पाळलं होतं. मी टाइप केलं: 'मास्तरांचं घर. बाई पहाटे चारला उठून वाचन करतात.' चाचांना वाचता येत नव्हतं. मला ते तेव्हा फार सोयीचं वाटलं.

चार पानं झाली. काम महत्त्वाचं, म्हणून छापायच्या आधी मी हेड क्लीनिंग तीनदा केलं. मग मनाचं समाधान होईना म्हणून चौथ्यांदा. आणि प्रिंटर थांबला. त्याचे दोन्ही दिवे आळीपाळीनं लुकलुकायला लागले आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली की यंत्राच्या आतले भाग आयुष्याच्या अखेरीस पोचले आहेत.

मास्तर पेपर खाली न ठेवता म्हणाले, "कळवलं तरी त्यानं. माणसं कळवत नाहीत."

मी पुण्याला फोन लावला. मुलगा म्हणाला, "आई, दिवे आळीपाळीनं लुकलुकतायत ना? मग पॅड भरलं. त्याच्या पोटात खाली एक गादीसारखं पॅड असतं. डोकं साफ करताना जी शाई वाहून जाते ती ते शोषून घेतं. पण इतक्यात कसं भरलं? चार-पाच वर्षं चालतं ते. तू क्लीनिंग कितीदा करतेस?"

"रोज."

"रोज?"

"आणि चांगलं काम असलं की जास्त."

मग तो अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "आई, तू कागदावर कमी आणि त्या गादीवर जास्त शाई ओतली आहेस. आता पुण्यात दुरुस्तीला आणावं लागेल. मंगळवारी मी येतो."

सोमवारी अकराला अर्ज द्यायचा होता. फ्लॉपी घेऊन मी उन्हातून स्टँडजवळच्या सायबर कॅफेत पळाले. तिथं माझा तो फाँट नव्हता. चाचांच्या अर्जाऐवजी पडद्यावर चौकोन, चांदण्या आणि उलटी प्रश्नचिन्हं आली. परत आले तर चाचा उंबऱ्यावर तसेच बसलेले. मला त्यांच्याकडं बघवेना. ज्या माणसाला मी "कुठंही जायचं नाही" असं ऐटीत सांगितलं होतं, त्याचा ओटा माझ्या स्वच्छतेनं घालवला होता. मी सगळं सांगून टाकलं. चूळ भरण्यापासून.

चाचांनी त्यातलं एकच ऐकलं. "ह्याच्या पोटात गादी हाय?"

"हो."

"मग मघापासनं रडताय कशाला? आना हिकडं."

प्रिंटर ओट्यावर नेला नाही, पण आमची पडवी त्यांनी ओट्यासारखी झाडून घेतली. पेपर अंथरला, तोही मास्तरांच्या हातातला काढून. तळाचे दोन स्क्रू काढले आणि गाद्या शिवायच्या दाभणानं आतून एकावर एक रचलेले लोकरीच्या नमद्यासारखे जाड पट्टे उचलून बाहेर काढले. काळे, निळे, जांभळे. चाचांनी हुंगलं. आणि अंगठा लावला.

"बाई, ही गादी एकाच कोपऱ्यात प्यालीय. ह्यो बघा, नळीचं तोंड हितं. सगळी शाई हितंच पडलीय. खालचा पट्टा दुसऱ्या अंगाला कोरा हाय, लग्नातल्या उशीवानी. ह्याला म्हातारपन न्हाई आलं. कुणी उलटलीच न्हाई कवा."

एवढं साधं होतं ते. गादी उलटायला हवी होती.

भिजलेले पट्टे आम्ही मोरीत धुतले. आम्ही म्हणजे ते सांगत होते आणि मी धूत होते. मोरी जांभळी, माझे हात कोपरापर्यंत निळे, आणि मास्तरांचा एक पंचा कायमचा होळीचा झाला. त्यातून सुटलेलं रोयं, म्हणजे बारीक तंतूंचा भुगा, चाचांनी पुडीत बांधून माझ्या हातात दिलं. मी मुकाट्यानं घेतलं. मग पट्टे दोन पाटांमध्ये ठेवून वर वरवंट्यासकट पाटा चढवला, पाणी निथळलं आणि पडवीच्या पत्र्यावर ऊन खायला टाकले. बारा ते चार भारनियमन, वीज नव्हतीच. चाचा पत्र्याखाली शिडीला धरून उभे राहिले आणि दर घटकेला वर जाऊन पट्ट्यांची कूस बदलत राहिले, तान्ह्या बाळाची बदलावी तशी.

"रोयं राहिलं तर मशीनच्या नाकात जाईल," ते खाली येऊन सांगत. "आतून खडखडीत झालं पायजे."

चार वाजता वीज आली. पट्टे आत गेले, खालचा वर, वरचा खाली, कोरी बाजू नळीच्या तोंडाशी. प्रिंटर लावला. दिवे पुन्हा तसेच लुकलुकले.

मी पुन्हा फोन. मुलगा हसत होता. "आई, त्याला ओलं-सुकं कळत नाही. ते फक्त मोजतं. किती शाई गेली याचा आकडा पुरा झाला की ते बंद पडतं, गादी कोरडी असली तरी."

मी चाचांना सांगितलं. त्यांना ते काही केल्या पटेना. "हात लावून बगत न्हाई?"

"नाही."

"नुसतंच मोजतंय?"

"हो."

"मग ह्ये मशीन न्हाई बाई, तलाठी हाय. त्याला सांगा, जागेवर येऊन बग."

मुलानं कुणाला तरी विचारून पाच मिनिटांनी उलट फोन केला. कुठली दोन बटणं एकदम दाबून धरायची, तिसरं कधी सोडायचं, मग तो आकडा पुसला जातो. त्यानं बजावलं, "गादी खरंच सुकली असेल तरच कर हां. नाहीतर शाई बाहेर येईल." मी चाचांकडं बघितलं. त्यांनी अंगठा वर केला. तो आमच्याकडच्या पोरांचा शाबासकीचा अंगठा नव्हता. तो तपासणीचा अंगठा होता, आणि तो कोरडा होता.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा मास्तरांनी एक बटण धरलं, मी दोन. दिवे विझले. मग एकच हिरवा दिवा लागला, शांत, न लुकलुकता. माझं बोट सवयीनं हेड क्लीनिंगकडं गेलं आणि चाचा ओरडले, "बाई! त्याचं तोंड लई धुतलंय तुमी, आता बोलू द्या त्याला!"

चार पानं, तीन प्रती. एकही अक्षर फिकट नव्हतं.

सोमवारी कमिटीच्या खोलीत मी मागच्या बाकावर बसले, निळे हात पदरात झाकून. शेजारी मास्तर. अध्यक्ष जाडजूड, रागीट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चिटणिसांचा आवाज नाटकातला. त्यांनी 'सविनय विनंती' वाचली तेव्हा कमिटी चहा पीत होती. हिर्डोशीच्या म्हातारीच्या पायाकडचा कापूस वाचला तेव्हा एक-दोघांनी मान वर केली. गुंजवण्याची आजी आली तशा कपबशा खाली ठेवल्या गेल्या.

मग भोर सुरू झालं. पहिलंच घर खजिनदारांच्या सासऱ्यांचं. दुसरं एका सभासदाचं: दोन गाद्या वेगळ्या करून दिल्या, नंतर वर्षानं परत एक करून दिली. खोलीत हसू पिकलं. सभासद लाल झाले. तिसरं आमचं.

"मास्तरांचं घर," चिटणिसांनी वाचलं. "बाई पहाटे चारला उठून वाचन करतात."

"न्हाई साहेब," चाचा हात जोडून उभे राहिले. "तितं छापण्यात चूक झालीय. बाई शेव खात्यात. भितीकडं तोंड करून."

अख्खी कमिटी मागे वळली. मी फरशीकडं बघत होते, पण डावीकडून मास्तरांची नजर कानशिलावर उन्हासारखी लागत होती. ते एवढंच म्हणाले, "आणि ते मांजर?"

चिटणिसांनी हसू आवरलं, पान उलटलं. "खजिनदारांचं घर. साहेबांच्या उशीत..."

खजिनदार ताडकन उभे राहिले. "मी काय म्हणतो, एवढं सविस्तर वाचायची गरज आहे का? माणूस तीन पिढ्या बसतोय. गाळे दोन हात मागे घेता येतील."

"अनुमोदन," यादीत पाळी यायची बाकी असलेले दुसरे एक सभासद म्हणाले, तेही उभे राहून.

"पण अर्ज पूर्ण वाचला पाहिजे," चिटणीस म्हणाले. त्यांचं स्वतःचं घर यादीत नव्हतं. ते भाड्यानं राहत आणि चटईवर झोपत. "पुढचं घर अध्यक्ष साहेबांचं."

अध्यक्षांनी हात पुढं केला, तीनही प्रती चिटणिसांकडून ओढून घेतल्या आणि आपल्या नावाखालची ओळ स्वतः वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी पान घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "ओटा राहील. लिहून घ्या. सभा संपली."

बाहेर येऊन मी चाचांना विचारलं, "काय होतं हो त्यांच्या ओळीत? टाइप मीच केलं, पण त्या घाईत लक्षात नाही."

"काय नव्हतं," चाचा म्हणाले. "लिवलं होतं, दोन वरसं झाली, ह्या घरातनं गादी आलेली न्हाई. साहेब झोपत न्हाईत."

बोलत बोलत आम्ही ओट्यापाशी आलो आणि ते वर चढले. मला वाटलं, आता पिंजण काढतील, पहिला टँव आवाज येईल आणि मी घरी जाऊन मास्तरांना तोंड देईन. चाचा म्हणाले, "बाई, चिठ्ठी आल्यापासनं डोळ्याला डोळा न्हाई," आणि तिथंच, उघड्या फरशीवर, हाताची उशी करून आडवे झाले. दोन श्वासांत घोरायला लागले. ना गादी, ना उशी, ना अंगठ्याची परीक्षा.

मी निघाले तर समोरून अध्यक्ष येत होते. एकटे. काखेत एक जुनी, चपटी, पिवळी पडलेली उशी. मी तोंडावर बोट ठेवलं. ते पत्र्याबाहेर भर उन्हात थांबले, झोपलेल्या चाचांकडं बराच वेळ बघत राहिले, आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "उठतील कधी? मी थांबतो."